सगळ्यांच्या मुठीची खिचडी

आई, बालवाडी बंद झाली. जठारपेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तू लेकरं बसवायला लागलीस आणि तू गेल्यावर मी बसवत राहिले. त्या खोलीत आता कोणी येत नाही. चटया गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केल्यात. भिंतीला खाली, लेकरांच्या उंचीवर, तेलकट हातांचे डाग आहेत, तेवढे पुसावेसे वाटले नाहीत. सकाळी हात अजून कडीकडे जातो. मग माझाच मला राग येतो आणि मी चहा ठेवते.

तुझा नियम एकच होता. लेकराने रिकाम्या हाती यायचं नाही. घरात असेल ते मूठभर आणायचं, तांदूळ, कणी, तूरडाळ, मूग, आणि दाराशी ठेवलेल्या जर्मनच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, टाकायचं. वकिलाच्या घरचे बारीक तांदूळ आणि दालमिलमध्ये कामाला जाणाऱ्या बाईची कणी एकाच गंजात शिजायची. एक दिवस अजून डोळ्यांपुढे येतो, मी चार वर्षांची आहे. घर माझंच, म्हणून मधल्या दारातून रिकामीच येते आणि चटईवर फतकल मारते. तू माझा दंड धरून उठवतेस. "घर तुयं असंल, बालवाडी तुयी नाही. जाय, मूठ घेऊन ये, अन् समोरून ये." मी रडत स्वयंपाकघरात जाते, मुठीत तांदूळ घेते, मागच्या दाराने निघून बोळातून वळसा घालते, आणि सगळ्यांच्या मागे रांगेत उभी राहते. निम्मे तांदूळ वाटेतच सांडलेले. तू गंज पुढे करतेस आणि ओळख नसल्यासारखी म्हणतेस, "या." असा राग आला होता मला तुझा! आणि खिचडी मात्र त्या दिवशी दोनदा मागून खाल्ली.

आता नवे नियम आलेत, आई. तीन वर्षांखालचं लेकरू मोठ्यांच्या खोलीत बसवायचं नाही. बाहेर पडायला दुसरं दार पाहिजे, कमी उंचीचे संडास पाहिजेत, खेळायला मोकळी जागा पाहिजे, कॅमेरा पाहिजे. जेवण म्हणजे ज्याचा त्याचा डबा, नाहीतर परवाना असलेल्या स्वयंपाकघरातून आलेलं. आणि हे सगळं ऑनलाइन नोंदवायचं. तू असतीस तर पदर खोचून विचारलं असतंस, "कॅमेरा लेकराचं नाक पुसते का?" मीही आधी असंच बोलत फिरले. पण बोलून दार निघत नाही. मागचं दार आहे, पण ते स्वयंपाकघरातून, गॅसच्या बाजूने जातं, म्हणून ते धरत नाहीत. बाजूच्या भिंतीला दार पाडावं तर ते थेट शेजाऱ्याच्या देवघरात निघतं. दुसरी जागा शोधली. लहान लेकरांना भाड्याने जागा द्यायची म्हटलं की लोक म्हणत, विचार करून सांगतो, आणि मग फोन उचलत नसत.

तपासणीला मॅडम येणार म्हणून मी आदल्या दिवशी सगळ्या आयांना सांगितलं, उद्या मूठ पाठवू नका, डबे द्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. गंज मी पलंगाखाली सरकवला. जागेचं काहीतरी होईल, मुदत मागू, निदान जेवणात तरी खोट निघू नये, एवढाच माझा हिशेब. मॅडम आल्या. तरणी पोर, बोलायला गोड. चटईवर मांडी घालून लेकरांशी बोलत बसल्या. तेवढ्यात दालमिलमध्ये जाणाऱ्या एका आईची धाकटी आली. तिने दाराशी गंज शोधला, तो दिसला नाही, मग खोलीत जी मोठी बाई दिसली तिच्यापुढे जाऊन मूठ उघडली. तूरडाळ. मॅडमनी विचारलं, "हे काय आणलं, बेटा?" "खिचडीले," ती म्हणाली. झालं! बाकीची लेकरं उठली आणि खिशातून, फ्रॉकच्या घेरातून, डब्याच्या झाकणातून ज्याने त्याने आपापली मूठ काढली. एकाही घरून चुकली नव्हती. मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. संध्याकाळी तिच्या आईला विचारलं, तर ती म्हणाली, "रिकाम्या हातानं कसं धाडू, बाई? मले वाटलं, बाकीच्या नाही पाठवत, तं माया एकीच्या मुठीनं काय होते." सगळ्यांनी अगदी हेच म्हटलं.

मॅडमनी सगळ्यांच्या मुठी आपल्या ओढणीत घेतल्या, पलंगाखालचा गंज मीच काढून दिला. "मावशी, मले समजते हो," त्या म्हणाल्या. "मी बी अशाच बालवाडीत शिकली, चांदूर रेल्वेले. पण फोटो टाकल्याबिगर माया फोनवर पुढचं पानच उघडत नाही." त्यांनी गंजाचा फोटो काढला, पलंगाचाही काढला. त्यांच्यावर मला रागवता आलं नाही, तिथेच मी हरले.

मग अमरावतीला मोठ्या साहेबांकडे जाऊन आले. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि मान हलवली. आठवड्याने बंदचं पत्र आलं. वकिलांची, मास्तरांची लेकरं दुसरीकडे गेली, त्यांना काय, गाड्या येतात दाराशी. दालमिलवालीने धाकटीला पोत्यांजवळ बसवून पाहिलं, मुकादमाने हाकललं. मग तिने दुसरीतल्या थोरलीला शाळेतून काढलं, बहिणीला सांभाळायला. मी म्हटलं, अगं, माझ्याकडे ठेव, तशीच. ती म्हणाली, "नोको बाई, तुमाले त्रास होईल." कोणा शेजारणीने आधीच तिच्या कानात घातलं होतं की बाईंना दंड होईल. आता थोरली बोळात धाकटीला कडेवर घेऊन उभी असते. मला बघून हसते. शाळेच्या वेळेला.

एक गोष्ट वर सांगितली नाही. अमरावतीला सकाळी मी साहेबांपुढे तावातावाने म्हणाले होते, "दुसऱ्या दारावाचून इतक्या वर्षांत कोणाचं काय अडलं?" संध्याकाळी तिथेच राहणारी माझी लेक मला तिच्या मुलीसाठी शाळा बघायला घेऊन गेली. तुझी पणती अडीच वर्षांची झालीय आता. उन्हाळ्यात इथे अकोल्याला आली होती, तेव्हा गंजात मूठ टाकायला शिकली, रोज दोनदा टाकायची. त्या शाळेतल्या बाई खेळणी, छोटे बेसिन, रंगवलेल्या भिंती कौतुकाने दाखवत होत्या. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे?" त्यांनी दाखवलं. मी ते स्वतः उघडून पाहिलं, लावून पाहिलं, पुन्हा उघडलं. मग लेकीला म्हटलं, "इथेच टाक."

तिथला कॅमेरा घरी बसून बघता येतो. लेकीने माझ्याही फोनवर लावून दिलाय. अकरा वाजले की मी बघते. ज्याचं त्याचं टेबल, ज्याचा त्याचा डबा. परवा नातीने डब्यातली मूठ भरून शेजारच्या मुलीपुढे धरली. बाईंनी तिचा हात हळूच धरला आणि तिच्या डब्याकडे वळवला. रागावल्या नाहीत, तसा नियमच आहे. पोर जरा वेळ मूठ मिटून बसली, मग तिने एकटीनेच खाल्लं.

हे पत्र तुझ्यापर्यंत जाणार नाही, म्हणून लिहायला धीर झाला. लेकीला मी यातलं काही बोललेले नाही. पोरीला तिथून काढ, असं मी तिला म्हणणारही नाही, आई.