कपेलच्या भिंतीवरचं सिमेंट

रवि. १ ऑगस्ट १९९९
मिस्साच्या प्रार्थनेनंतर फादरांनी थांबवलं. भुईगावच्या आमच्या जुन्या कपेलची वेदीमागची भिंत फुगलीय, खपल्या पडतायत. "तुम्ही गावचे इंजिनिअर. रिपोर्ट द्या, मग पाडायचं की ठेवायचं ते कमिटी ठरवेल." हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सात वर्षांपूर्वी आमचे गवंडी इनासकाका यांच्या चुन्यावर सिमेंटचा गिलावा मारायला मीच लावलं होतं.

गुरु. ५
हाफ डे टाकून गेलो. भिंत वाजवून पाहिली. ढब ढब, सगळीकडे पोकळ. एक खपली काढली तर आत चुना ओला, पेजेसारखा. सिमेंटनं ओल आतच कोंडली. दगड मात्र शाबूत. सिमेंट उतरवून भिंत वाळू दिली, पुन्हा चुना लावला, तर नातवंडांनाही पुरेल. पाडायची गरजच नाही. म्हणजे दोष...
इनासकाका तेव्हा एकदाच बोलले होते, "बाबा, पानी जायला वाट ठेव." मी हसलो होतो. गाढव कुठला.

शनि. ७
कमिटीची मीटिंग. सेक्रेटरी म्हणाले, "इनासचा चुनाच कच्चा. मेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण..." पण म्हणत बोललेच. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही! नव्या आर.सी.सी. कपेलचा नकाशासुद्धा तयार आहे. मागच्या बाकावर काकांची बायको, रेजिनाकाकी. खाली बघत बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता निघालो.

बुध. ११
माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटच्या भिंती वाजवत फिरतोय. ही म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला?" जेवताना, आंघोळ करताना थापीच्या मुठीची टकटक ऐकू येते. काका तस्संच वाजवून पाहायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी आज ऑफिसात शेजारच्याला विचारलंच, "ऐकू येतंय का काही?" तो बघतच राहिला.

शुक्र. १३
रिपोर्ट दोन लिहिले. एकात "जुने बांधकाम धोकादायक". सही ठोकली की मी सुटलो, कपेल गेलं. दुसऱ्यात खरं. पहिला फाडला. मग तुकडे गोळा करून चिकटवत बसलो. लाज वाटते स्वतःची.

रवि. १५
मरियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. कपेल खच्चून भरलेलं. मिस्सानंतर उभा राहिलो, दुसरा रिपोर्ट वाचला. चुना इनासकाकांचा, पक्का. सिमेंट माझं, चूक माझी. सेक्रेटरी म्हणाले, "आता नकाशा झालाय. बघू पुढच्या मीटिंगला." म्हणजे पाडतीलही.
बाहेर रेजिनाकाकी थांबलेल्या. वाटलं, शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पहिली ओल आली ना, तवापासून रोज येऊन त्या भिंतीला हात लावून बसायचे. म्हनायचे, इंजिनिअर शिकलेला मानूस, तो कसा चुकेल? माझाच चुना चुकला असनार. तसेच गेले."
त्या रिक्षात बसून गेल्या.