मागच्या सीटवरची गोधडी

अप्पा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि या सोळा वर्षांत तुमची सगळ्यात जास्त आठवण मला कुठे आली असेल तर ती रांजनोली नाक्यावर, भर दुपारी, मागून ट्रकवाले हॉर्न देत असताना. गाडी जेमतेम रांगत कडेला आलेली, समोर पिवळा दिवा, त्याखाली इंग्रजीत सूचना की गाडी सुरक्षित जागी थांबवा. रांजनोलीला सुरक्षित जागा कुठली असते ते त्या गाडीलाच ठाऊक. मागच्या सीटवर आई. ती म्हणाली, "अगं, ह्यांना विचार ना," आणि मग स्वतःच गप्प झाली. पंच्याहत्तरी उलटली तिची, पण गाडी बंद पडली की तिच्या तोंडी अजून तुम्हीच येता.

गाडी घेतली हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. दीड वर्ष झालं. हायब्रिड आहे, म्हणजे हिला पेट्रोलचं इंजिन आहे आणि शिवाय विजेची मोटार, आणि दोघं आपापसात ठरवतात की आता कुणी ओढायचं. सिग्नलला इंजिन आपलं आपण बंद होतं. तुम्ही असतात तर पहिल्याच सिग्नलला उतरून बॉनेट उघडलं असतं. बाळकुमच्या आमच्या बिल्डिंगखाली ती उभी असते, आणि सकाळी चालू केली तरी आवाज नाही, नुसता एक दिवा लागतो. मला पहिले काही महिने भीती वाटायची. ज्या घरात जेवताना गाड्यांचे आवाज ऐकून "प्लग गेलाय" असं सांगणारा माणूस होता, त्या घरातल्या मुलीला बिनआवाजाची गाडी म्हणजे मुक्या माणसाशी संसार.

कोपरच्या बाजूला तुमची पत्र्याची शेड होती ती जागा आता ओळखू येत नाही. पण मला अजून तिथला वास येतो, रॉकेलचा आणि लाकडाच्या भुशाचा, ज्यानं तुम्ही हात घासायचात. तुमचा एक नियम होता, तो गिऱ्हाइकांना फार विचित्र वाटायचा. गाडी धुऊन आणायची नाही. कुणी लख्ख करून आणली की तुम्ही वैतागायचात. "आहे तशी आणायची हो. रोज जी माणसं बसतात ती बसवून आणा, जे सामान असतं ते ठेवून आणा. मला घाणच कामाची." दुधाचा टेम्पोवाला एकदा खरंच भरलेल्या कॅनांसकट आला होता, आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून पार मानपाड्यापर्यंत जाऊन आलात. येताना हसत होतात. कॅन हलून हलून जो आवाज यायचा, त्याला तो बिचारा इंजिनाचा आवाज समजत होता.

मी अकरा वर्षांची असेन. मे महिन्याची सुट्टी, डॉक्टरांची पांढरी गाडी शेडमध्ये उभी, तेल गळतंय म्हणून आणलेली. तुम्ही जेवायला घरी गेला होतात. मला वाटलं, अप्पांना खूश करू या. रॉकेलात फडकं बुडवून मी ते इंजिन पुसलं, वाकून वाकून, हात पोचेल तिथपर्यंत. तुम्ही आलात, पाहिलंत, आणि डॉक्टरांच्या देखत ओरडलात, "पुसलंस? कुणी सांगितलं तुला शहाणपणा करायला? आता तेल कुठनं येतंय ते कुणाला विचारू मी?" मी रडत घरी गेले ती दोन दिवस शेडकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला उठवून नेलंत. गाडीखाली वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर रुपयाएवढा एकच काळा डाग. "बघ," तुम्ही म्हणालात, "इथं पडला. आता याच्या डोक्यावर काय आहे ते शोध." मी शोधलं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात, आणि मग आपले हात काळे आहेत हे लक्षात येऊन पटकन काढून घेतलात. केसांना लागलेलं तेल आईनं रात्री शिकेकाईनं काढलं, बडबडत.

हे सगळं मी विसरले होते. म्हणजे आठवत होतं, पण उपयोगाला येईल असं नव्हतं.

झालं असं की संक्रांतीनंतर खडवलीची मावशी पडली, खुबा मोडला, आणि ती अंथरुणाला खिळली. आईची ही एकच बहीण उरली आहे. स्टेशनचा पूल आईच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि भाड्याच्या गाडीवाले खडवली म्हटल्यावर फोनच कापतात, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. तेव्हा दर दुसऱ्या रविवारी मी आईला घेऊन जायचं ठरलं. भिवंडीवरून, पडघ्याला आत वळून. आई मागे बसते, कारण पाय सीटवर घेऊन बसायचं असतं. सीटवरून ती घसरते, एसीनं तिचे गुडघे धरतात, म्हणून ती आपली गोधडी बरोबर घेते. तुम्ही गेल्यावर शिवलेली ती गोधडी. तिच्या सुती साड्या आणि मधेमधे तुमच्या खाकी शर्टांचे चौकोन, ज्यांचे ऑइलचे डाग इतकी वर्षं धुऊनही गेलेले नाहीत. रोज ती त्याच गोधडीवर झोपते. गाडीतून उतरली की खांद्यावर टाकून वर घेऊन जाते, दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही.

ऊन वाढलं तसं पहिल्यांदा रांजनोलीला झालं. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथे एक मुलगी आहे, टेक्निशियन, कमरेला स्क्रू ड्रायव्हर नाही, हातात लॅपटॉप. तिनं वायर जोडली आणि म्हणाली, "मॅडम, बॅटरी गरम झालेली दिसतेय. फॅनचा फिल्टर साफ केलाय, बिघाडाचा कोड काढून टाकलाय. टेन्शन नका घेऊ." दोन आठवडे मी ऑफिसला गेले, बाजारात गेले, गाडी लोण्यासारखी चालली. मग रविवारी आईला घेऊन निघाले आणि पडघ्याच्या अलीकडे तोच पिवळा दिवा. त्यांनी फॅन बदलला. पुढच्या खेपेला मानकोलीला. तेव्हा त्या मुलीनं विचारलं, "मागे काही सामान असतं का मॅडम? सीटवर काही ठेवता?" मी म्हटलं, "नाही, फक्त आई असते." ती हसली. "मग आईंनाच घेऊन या ना एकदा. जशी बिघडते तशीच दाखवा."

शनिवारी आईला घेऊन गेले. निघताना तिनं गोधडी काखेत मारली, तर मी म्हटलं, "राहू दे गं आज, तासाभराचं तर काम आहे." ती मुलगी पुढे माझ्या शेजारी, आई मागे, पाय खाली सोडून, परीक्षेला बसल्यासारखी ताठ. घोडबंदर रोडला तासभर फिरलो. काही झालं नाही. आई खूश झाली. आणि पुढच्याच रविवारी खडवलीच्या वाटेवर गाडीनं परत मान टाकली. कडेला कलिंगडवाल्याच्या छपराखाली आम्ही दोघी उभ्या, आईनं गोधडी घट्ट धरलेली. म्हणाली, "मी नाही हो बसणार हिच्यात आता. मी बसले की रुसते. तू एकटी असलीस की बरी चालते."

"अगं, शनिवारी चालली ना तू असताना?"

"ती बाई होती शेजारी, शिकलेली. तिला भिऊन चालली."

मी हसले, पण ती हसली नाही. नंतर कितीही समजावलं तरी तिनं ऐकलं नाही, आपला पायगुणच वाईट हे तिच्या मनानं घेतलं. मावशीचा फोन यायचा, "कधी येतेस गं?" आणि आई सांगायची, "येते, गाडीचं काम चाललंय." सहा आठवडे असे गेले. शेवटी शेवटी मावशीचा फोन येईना, तिची सूनच करायची, आणि म्हणायची, हल्ली बोलत नाहीत फारशा. आई फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहायची.

पाचव्यांदा सर्व्हिसची वेळ घेतली. आदल्या दिवशी दुपारी मी खाली गेले, बादली आणि फडकं घेऊन, की तिथे न्यायची तर जरा बरी दिसू दे. बॉनेट पुसायला वाकले आणि हातातल्या ओल्या फडक्याकडे बघून थांबले. "पुसलंस?" अप्पा, तुमचा आवाज माझ्या कानात तसाच आहे हे मला माहीत नव्हतं. चिडलेला, आणि त्याच्या खाली थोडा थकलेला. मी बादली तिथेच ठेवली, वर गेले आणि आईला म्हटलं, "तुझी गोधडी दे." ती म्हणाली, "कशाला?" मी म्हटलं, "अप्पांनी मागितलीय." तिनं माझ्याकडे बघितलं आणि घडी करून दिली.

उन्हात उभ्या गाडीत मी एसी लावला आणि मागे बसले, आई बसते तशी, पाय वर घेऊन, गोधडी अंगाखाली आणि तिची एक बाजू सीटवरून खाली पायाशी सोडलेली. ही मुकी गाडी, तिचं काय ऐकणार! पण तुमची सवय म्हणून ऐकत बसले. वीसेक मिनिटांनी सीटखालून घरघर सुरू झाली. बारीक, मग मोठी, मग धाप लागल्यासारखी. मी हात खाली घातला तर गोधडीचं टोक सीटच्या पुढच्या अंगाला चिकटून बसलेलं, आतून कुणी ओढून धरावं तसं. सोडवलं, आणि त्याच्यामागे एक जाळी होती. घरघर हळूहळू खाली आली. जाळीला चिकटला होता तो चौकोन खाकी होता, तुमच्या शर्टाचा, अजून खिसा असलेला. मी तिथेच बसून हसले आणि मग रडले, पार्किंगमध्ये, वॉचमन बघत होता तरी. त्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "अहो मॅडम, तीच जाळी! बॅटरी तिथनंच हवा घेते. काही झाकलेलं का तिथे?"

आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी तो खाकी चौकोन चाचपून बघितला. मग म्हणाली, "म्हणजे हे होते होय! जन्मभर लोकांच्या गाड्या चालू केल्या आणि लेकीची बंद पाडली." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की किती दिवसांत ती हसली नव्हती ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून तिला खडवलीला नेलं. गोधडीचं टोक तिनं वर खोचून घेतलं होतं. गाडी कुठेही थांबली नाही. मावशीनं आईचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही, पण बोलली नाही. डोळ्यांनी ओळखलं असं आई म्हणते. तिची सून म्हणाली, पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत चांगल्या बोलत होत्या हो, सारखं तुमचंच विचारत होत्या. आईनं गोधडी तिच्या अंगावर घातली आणि निघताना परत घेतली नाही.

येताना मागची सीट मोकळी होती. आई पुढे माझ्या शेजारी बसली. पडघा सोडल्यावर म्हणाली, "त्या बाईनं तुला विचारलं नव्हतं का गं, मागे काय असतं म्हणून?" मी म्हटलं, "नाही."

विचारलं होतं, अप्पा. आणि तिनं विचारलं त्या क्षणी गोधडी माझ्या डोळ्यांसमोर होती. काचेचं ते ऑफिस, तिथली कॉफी, पांढऱ्या फरशा, आणि तिथे मी सांगायचं की माझी आई ऑइलचे डाग पडलेली गोधडी घालून बसते. मला तुमच्या डागांची लाज वाटली. शनिवारीही मी ती मुद्दाम घरी ठेवायला लावली, तासाभराचं काम वगैरे काही नव्हतं. शाळेच्या बक्षीस समारंभाला तुम्ही पांढरा शर्ट घालून आला होतात आणि पूर्ण वेळ दोन्ही हात खिशात ठेवून उभे होतात. मला तेव्हा बरं वाटलं होतं. तुम्हाला ते कळलं असणार, तुम्हाला सगळंच ऐकू यायचं. त्या एका लाजेपायी आई सहा आठवडे स्वतःला पांढऱ्या पायाची समजत घरात बसली, आणि मावशीचं बोलणं तिला ऐकायला मिळालं नाही.

हे आईला सांगायला हवं. येत्या रविवारी खडवलीला जायचं आहे, वाटेत सांगेन असं ठरवलंय. मागच्या खेपेलाही असंच ठरवलं होतं.