गार्गीचा डावा खुबा

ट्रॉय, मिशिगन
१४ नोव्हेंबर १९८६

प्रिय कुमुदताई,
तुला नमस्कार, आईअण्णांना साष्टांग.

गार्गी गुटगुटीत झाली आहे. नाक थेट अण्णांचं. आईचा गुडघा कसा आहे? इथवरच आईला वाचून दाखव. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

गार्गी जन्मली तेव्हा डॉक्टरांनी तिचे पाय वाकवून पाहिले, तर सगळं ठीक वाटलं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी लंगडतं का?" मी म्हटलं, "माझी मोठी बहीण, चालायला लागली तेव्हापासून." तशी त्यांनी नव्या अल्ट्रासाउंड मशीनवर तिचे खुबे पाहिले. डावा सांधा वाटीतून निसटलेला होता. "बरं झालं, लवकर कळलं," म्हणाले.

गणपतीपासून ती पट्ट्यांमध्ये आहे, पाय बेडकासारखे फाकवून बांधलेले. पोटाशी धड घेता येत नाही गं. काल पुन्हा पाहिलं, सांधा बसलेलाच नाही. आता सोमवारी भूल देऊन बसवणार आणि छातीपासून पायांपर्यंत प्लास्टर घालणार. एवढ्याशा जिवाला भूल! श्रीरंग मला म्हणतात, "होईल सगळं ठीक," आणि गॅरेजमध्ये जाऊन रडतात.

ताई, तुला दुखायचं का? मुली चिडवायच्या तेव्हा तू हसायचीस, ते हसू खरं होतं का? मला धीर देऊ नकोस, खरं लिही.

हे पत्र पोचेल तोवर सोमवार उलटून गेलेला असेल. तरी वाचल्या वाचल्या तिच्यासाठी देवाकडे माग. उशिरा मागितलेलंही पोचतं, असं मला धरून चालू दे.

तुझीच,
नीला