रिकाम्या घरातला गिझर

विनिपेग, कॅनडा
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप सरोजताईस,
शशिकांतचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, म्हणजे त्याचा फोटो मिळाला. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा लिहून फोटो पाठवायची ही रीत आपल्या दोघांना बरी आहे. फक्त पुढच्या वेळी कागदावरचा तुझा अंगठा बाजूला घे. नेमकी पाण्याच्या मोटरची हकीकत त्याच्याखाली गेली.

जेवढं वाचता आलं तेवढ्यानंही माझं डोकं गरगरतंय. विद्यानगरचं आपलं घर भाडेकरू गेल्यापासून दोन वर्षं बंद आहे. तू जामबागेतून महिन्यातून एकदा जातेस, खिडक्या उघडतेस, झाडून घेतेस, मारुती गाडी फाटकापर्यंत नेऊन परत लावतेस. एवढंच ना? मग गिझरचं एलिमेंट जळलं कसं? रिकाम्या घरात आंघोळ कोण करतं? सिंक तुंबलं आणि प्लंबरनं नळीतून भात आणि चहाचा चोथा काढला, असंही तू लिहितेस. उंदीर भात खातात हे मला ठाऊक आहे, पण ते शिजवून खात नाहीत.

इथली आणखी वेगळी तऱ्हा. तळघरातली फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी, दर तासाला आपोआप बंद पडते. दुरुस्तीवाल्यांना फोन केला तर माणूस तीन आठवड्यांनी येईल म्हणाले. तिकडे बाशामियाँ मिस्त्रीला निरोप धाडला की तो चहाच्या वेळेला हजर. इथला माणूस आला तरी बुटांवर निळ्या पिशव्या चढवतो, चहा नको म्हणतो आणि मलाच वर जाऊन बसायला सांगतो. समोर स्टूल टाकून बसल्याशिवाय दुरुस्ती झाली असं मला वाटतच नाही. तुझी भावजय मृण्मयी असताना माझ्या या सवयीला हसायची. तेव्हा या घरातली निम्मी कामं घरच्या घरी व्हायची. असो, ते दिवस गेले.

गाडीचं रजिस्टर मात्र तू विसरलीस. किलोमीटरच्या काट्याचा आकडा ऑगस्टनंतर आलेला नाही. तेवढा कळव.

लोभ आहेच, तो चालू स्थितीत ठेवावा, ही विनंती.

तुझा,
शशी

---

जामबाग, हैदराबाद
९ ऑक्टोबर

चि. शशिकांतास,
अ. उ. आ.

बाबा रे, तू तिथं बसून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि इथं धावायचं मी. गुडघे माझे, हुकूम तुझा.

गिझरचं म्हणशील तर बोअरचं पाणी कसं आहे ते तू विसरलास. क्षार साचतात आणि एलिमेंट खाऊन टाकतात. भाताचं म्हणशील तर ललिता पंचमीला आमचं भजनी मंडळ मी तिथंच बसवलं. घर असं नुसतं बंद ठेवू नये, माणसांचा आवाज लागतो त्याला. चौदा बायका होत्या. भात झाला, चहा दोनदा झाला. आणखी कुठं कसला चोथा निघाला तर तो मंडळाच्या नावावर टाक.

मोटर आता व्यवस्थित चालते. बाशामियाँनं नुसतं पाहिलं आणि हौ, काम पक्कं झालंय म्हणाला. मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती, तीही बसवून घेतली. दसऱ्याला गाडीची पूजा केली, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, हळदकुंकू लावलं.

आता काट्याचा आकडा. शशी, मी चौतीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. तोंडानं इकडचं तिकडे करीन, पण आकडा खोटा लिहायला माझा हात वळत नाही. खाली लिहिते आहे. वाचल्याबरोबर पत्र लिहायला बसू नकोस, आधी ग्लासभर पाणी पी.

६१,६१८.

प्रकृतीला जप. थंडीत कानटोपी घालत जा. माया आहे, ती आकड्यांवरून मोजू नये.

तुझी,
ताई

---

जामबाग
१० ऑक्टोबर

चि. ईशास,
अ. उ. आ.

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तरी वाचताना अडलीस तर सोडून दे, शनिवारी मला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला येशील तेव्हा सांगेन.

पोरी, मी आता पुरती परेशान झाले आहे. तू मे महिन्यापासून त्या घरात राहतेस आणि मी तुझ्या बापाला क्षार आणि भजनी मंडळ सांगते. कालच्या पत्रात काय लिहिलं ते आज मला आठवत नाही. मंडळ तिथं बसलं होतं हे खरं, पण बायका आठ होत्या आणि भात कुणी केला नव्हता. एक खोटं झाकायला दुसरं काढावं लागतं आणि मग कोणतं कुणावर घातलं तेच कळत नाही.

तू नवऱ्याचं, हेमंतचं, घर सोडून माहेरी आलीस तेव्हा तुझ्या बापानं रागाच्या भरात सांगितलं की असं करायचं असेल तर माझ्याही घरात तुला जागा नाही. मित्राचा मुलगा म्हणून स्थळ त्यानंच आणलं होतं, तो कमीपणा त्याला सोसला नाही. तुम्ही बापलेक दीड वर्ष एकमेकांशी बोलत नाही. आणि वर्षभर तिकडेच कुठंतरी काढून तू येऊन राहिलीस ती नेमकी त्याच्याच घरात, त्याला न विचारता. किल्ली मी दिली, तेव्हा तुझ्याआधी दोष माझा. पण त्याला हे दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तो तुला बाहेर काढील आणि माझ्याशी जन्मभर बोलणार नाही, ही धास्ती मला जेवू देत नाही.

तू त्याला स्वतः लिही. मोटर तू स्वतः उघडून दुरुस्त केलीस हे वाचून तरी त्याला बरं वाटेल.

गाडी ऑफिसला न्यायची तर ने. पण आकडा मी लपवणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुझी,
आत्या

---

विनिपेग
४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाणी प्यालो. दोन ग्लास प्यालो, तरी हिशेब लागत नाही. ऑगस्टचा आकडा ६१,२०४ होता. म्हणजे चारशे चौदा किलोमीटर. फाटक पोर्चपासून चौदा पावलांवर आहे. तू काय मारुतीनं शिर्डीला निघाली होतीस?

आणि ती कडी. तीन आठवडे मी त्या कडीचाच विचार करतो आहे. बंद घराला माणूस बाहेरून कुलूप लावतो. आतून कडी लावायची म्हणजे आत कुणीतरी हवं. ताई, त्या घरात कुणी घुसलं आहे का? तुला कुणी दमदाटी करतं आहे का? खरं सांग.

मला हे आता झेपत नाही. इथलं घर एकट्यानं सांभाळताना नाकी नऊ येतात, तिथलं कसं सांभाळू? दुरुस्तीवाला अजून आलाच नाही, म्हणून काल फर्नेसचं फिल्टर विकत आणून स्वतः बदललं. पुठ्ठ्याची चौकोनी जाळी असते, तिच्यावर एक बाण असतो. तो कुठल्या बाजूला ठेवायचा ते कळेना. अंदाजानं ठेवलं, तर आता भट्टी अर्ध्या तासातच बंद पडते. ओव्हरकोट घालून हे पत्र लिहितो आहे. हे काम मी कधी केलंच नाही, ते दुसरं कुणीतरी करायचं. रात्री गाडीला विजेचा प्लग लावून ठेवावा लागतो, नाहीतर सकाळी इंजिन गोठतं. परवा तेही विसरलो आणि कामावर गेलो नाही.

तेव्हा मी विद्यानगरचं घर विकायचं ठरवलं आहे. एक गृहस्थ तयार आहेत. गाडीही त्यांनाच देऊन टाकतो. त्यांचा माणूस १ डिसेंबरला कुलपं बदलायला येईल. किल्ल्या त्याला दे आणि तू मोकळी हो. वाईट वाटून घेऊ नकोस. तिथं आता आपलं कोण राहणार आहे?

राग नसावा, असला तर लेखी कळवावा.

तुझा,
शशी

---

विद्यानगर
९ नोव्हेंबर

डिअर आत्या,
नमस्कार. माझं मराठी रायटिंग बॅड आहे, सॉरी.

तू पाठवलेला बाबांच्या लेटरचा फोटो मी चार वेळा वाचला. पहिल्या दोन वेळा मला नीट समजला नाही. तिसऱ्या वेळी समजला आणि मग मी बॅगा बाहेर काढल्या.

त्यांना विकू दे. त्यांचं घर आहे. मी नामपल्लीला एक हॉस्टेल बघितलं आहे, पंचवीस तारखेला तिकडे जाते. तू माझ्यासाठी अजून झूठ बोलू नको. मी इथे होते हे पण त्यांना सांगू नको. मी त्यांना खूप लेटर स्टार्ट केले. प्रत्येक वेळी मला कळत नाही की मी सॉरी म्हणायचं की त्यांनी.

एक काम कर प्लीज. त्यांना लिही की फिल्टरचा बाण फर्नेसकडे पाहिजे. हवा जिकडे जाते तिकडे. त्यांनी उलटा लावला असणार. साइज सोळा बाय पंचवीस. ड्रायरच्या मागे तीन नवीन ठेवलेले आहेत, मी आणले होते. आणि गाडीची एक्स्टेन्शन वायर गॅरेजच्या डोअरलाच टांगून ठेवायची, म्हणजे विसरत नाही. हे सगळं आज लिही आत्या, तिकडे मायनस वीस होईल आता. माझं नाव नको घालू.

तुझी,
ईशा

---

जामबाग
१२ नोव्हेंबर

चि. शशिकांतास,
अ. उ. आ.

आधी कामाचं. फिल्टरवरचा बाण फर्नेसकडे हवा, हवा जिकडे जाते तिकडे. माप सोळा बाय पंचवीस. कपडे वाळवायच्या यंत्राच्या मागे तीन नवीन जाळ्या ठेवलेल्या आहेत. गाडीची वायर गॅरेजच्या दारालाच टांगून ठेव.

आता विचार कर, बर्फ नुसता चित्रात पाहिलेल्या तुझ्या बहिणीला हे कुणी सांगितलं असेल.

ईशा तुझ्या घरात आहे. मे महिन्यापासून आहे. किल्ली मी दिली, तिनं मागितली नव्हती. दोन बॅगा घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा माझ्या दोन खोल्यांत तिचं काय होणार, हा प्रश्नच होता. तुझं चार खोल्यांचं घर धूळ खात पडलं होतं. मला त्यात चूक दिसली नाही, अजूनही दिसत नाही. तुझ्यापासून लपवलं ही चूक. ती माझी, आणि तिच्यापायी सहा महिने माझ्या डोक्याचा भुगा झाला.

तिनं नळ स्वतः बदलले. संपमधली, म्हणजे जमिनीतल्या टाकीतली, मोटर उघडली तेव्हा बाशामियाँ समोर स्टूल टाकून बसला होता आणि तिनं त्याला हात लावू दिला नाही. तो मला म्हणाला की अम्मा, ही मुलगी कुठं शिकली. मी म्हटलं, कॅनडाला, बापाजवळ. ती एकटी बाईमाणूस मागच्या खोलीत झोपते, म्हणून कडी. ऑगस्टपासून गाडीनं ऑफिसला जाते आणि मला दवाखान्यात नेते, म्हणून काटा पळाला.

घर विकायचं ऐकून ती भांडली नाही. हॉस्टेलमध्ये जाते म्हणाली आणि तुला थंडी वाजेल म्हणून बाणाचं कळवायला सांगितलं. तिचं नाव घालू नकोस असं तिनं मला बजावलं होतं. मी घातलं. शशी, तुझ्यापेक्षा मी नऊ वर्षांनी मोठी आहे आणि मला आज तुझा फार राग आला आहे. ज्या मुलीनं तुझं घर तिथंही चालवलं आणि इथंही चालवलं, तिला तू घराबाहेर काढतोस.

एक तारखेला तो माणूस आला तर किल्ल्या मी देणार नाही. पुढं तुझी मर्जी.

तुझी,
ताई

---

विनिपेग
२३ नोव्हेंबर

चि. ईशास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे सातवं पत्र. आधीची सहा फाडली, कारण प्रत्येकात मी तुला काहीतरी समजावून सांगत होतो. हे सावकाश वाच. अवघड वाटलं तर ताईकडून वाचून घे, तिच्यापासून आता काही लपवायचं उरलेलं नाही.

बाण फिरवला. घर गरम झालं. तीनही जाळ्या तू म्हणालीस तिथंच होत्या. ड्रायरमागे वाकून मी त्या हातात घेतल्या आणि तिथंच जमिनीवर बसलो. पुठ्ठ्यावर तू पेन्सिलनं महिने लिहून ठेवले आहेस, कोणती कधी लावायची ते. तू घरातून गेलीस त्या आठवड्यातलेच ते असणार. मी तुला नको ते बोललो होतो आणि तू माझ्या हिवाळ्याची सोय करत होतीस. मला हे समजत नाही, ईशा. मी इंजिनीयर माणूस, कारण सापडल्याशिवाय चैन पडत नाही, पण याचं कारण मला सापडत नाही.

सॉरी कुणी म्हणायचं हे तुला कळत नाही, असं ताईनं नंतरच्या चिठ्ठीत लिहिलं. मी म्हणायचं. हेमंतकडे तुला काय सोसावं लागलं ते मी एकदाही विचारलं नाही. मित्राला तोंड कसं दाखवू एवढंच मला पडलं होतं. मी चुकलो, आणि चुकलो हे मला त्याच दिवशी कळलं होतं. दीड वर्ष सांगायची हिंमत झाली नाही.

विक्रीला मी नकार कळवला आहे. कुलपं बदलायला कुणी येणार नाही. तू हॉस्टेलमध्ये गेली असशील तर परत ये. मारुतीचे ब्रेक बाशामियाँला दाखव, चारशे किलोमीटर धावली आहे, एवढ्याची तिला सवय राहिलेली नसेल. मोटर तू कशी उघडलीस ते मला कळव. मला ती कधी जमली नव्हती, मी प्रत्येक वेळी माणूसच बोलावला.

आता एक विचारायचं आहे. जानेवारीत मला महिनाभर रजा आहे. हैदराबादला यावं म्हणतो. जामबागेत ताईकडे उतरता येईल, ती रागावली असली तरी जेवायला घालेल. पण तुझी हरकत नसेल, तर मी विद्यानगरला तुझ्याकडे राहू का? मला पुढची लहान खोली पुरेल. तुला गैरसोय वाटत असेल तर तसं सांग, मी मनाला लावून घेणार नाही. तू नको म्हणालीस तरी घर तुझ्याच ताब्यात राहील.

उत्तर इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल.

लोभ असेल तर कळव.

तुझा,
बाबा