ओंगळ नावाची राखण

बाई, मी तुमची बेंबळीच्या शाळेतली मुलगी. आता उमरग्यात विज्ञान शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि इतक्या उशिरा लिहायचं कारण काही चांगलं नाही. घरात अकरा दिवसांची नात आहे, उद्या तिचं बारसं आहे आणि मला भीती वाटते आहे. ग्रहणात खुशाल जेवा म्हणून पोरांना सांगणारी मी. ही भीती दुसऱ्या कुणाला सांगितली, तर लोक तोंडाला पदर लावून हसतील.

तो जूनमधला दिवस तुम्ही विसरला नसणार. मी चौथीत होते. माय पेरणीच्या गडबडीत, म्हणून धाकट्या भावाचं नाव शाळेत घालायला मीच त्याला हाताला धरून आणलं. तुम्ही नाव विचारलंत, मी केरबा म्हणाले आणि वर्ग हसला. असलं नाव का, असं तुम्ही विचारल्यावर मला चेवच आला. त्याच्या आधीचे दोन भाऊ दगावले होते. म्हणून हा जन्मला तसा मायनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, शेजारच्या काकूनं कुणाचं पोर टाकलंय म्हणत उचलला, आणि मायनं ओंजळभर जोंधळे देऊन तो तिच्याकडून विकत घेतला. टाकलेल्या पोराकडं कुणी बघत नाही, मरणही नाही, म्हणून केरबा. मी हे सगळं रंगवून सांगितलं. तुम्ही पेन उघडलंत आणि मलाच विचारलंत, याच्यासाठी कोणतं नाव आवडेल. मी प्रकाश म्हणाले. जन्मतारीख तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं एक जून पडली आणि माझा भाऊ प्रकाश झाला. घरी जाताना भेटेल त्याला तो नवं नाव सांगत सुटला होता.

दुसऱ्या दिवशी माय चपला बाहेर काढून वर्गाच्या दारात उभी राहिली.

"बाई, तेवढं नाव खोडा. त्याला समदे केर म्हंत्यात म्हणून तर त्यो हाय."

तुम्ही चिडलात. नावानं कुणी जगत नाही आणि मरत नाही, पाणी उकळून पाजा, लस टोचून घ्या, असं भर वर्गासमोर सुनावलंत. त्यात चुकीचं काही नव्हतं. माय मान खाली घालून गेली. नाव कुणी सुचवलं हे तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

भादव्यात त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले, तेव्हा एसटीनं उस्मानाबादला नेलं. धाराशिव तेव्हा कुणी म्हणत नव्हतं. केसपेपरच्या खिडकीवर मीच नाव सांगितलं, आणि शाळेतलं सांगितलं. थोड्या वेळानं शिपाई दारातून ओरडतो, प्रकाश. माय हलत नाही. पोर तिच्या मांडीवर, डोळे अर्धे उघडे. मी तिचा हात ओढते.

"ह्ये आपलं न्हाय," ती म्हणते. "त्या नावानं आत न्हेलं तर भायेर यायचं न्हाय."

तिनं मला नवा कागद करायला पुन्हा रांगेत उभं केलं. रांग केवढी होती ते आठवत नाही. पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल बिस्कीट चघळत होतं, एवढं आठवतं. केरबा म्हणून हाक आली तेव्हा माय उठली. दिवस मावळायच्या आत तो गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. किती उशीर, तीन दिवसांचा की त्या रांगेचा, हे विचारायची तेव्हा अक्कल नव्हती आणि अक्कल आली तेव्हा धीर नव्हता.

तुम्ही भेटायला आलात. माय भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. तुम्ही निघालात तेव्हा मी वेशीपर्यंत मागं आले आणि विचारलं, नावानं मरतं का हो बाई? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि निघून गेलात. बाई, माझा तुमच्यावर राग आहे तो एवढ्यासाठी. मायच्या तोंडावर फेकलेलं उत्तर त्या दिवशी कुठं गेलं होतं? पुढच्या जूनमध्ये एक दगडू आला, एक भिकू आला. तुम्ही दोघांची नावं होती तशीच लिहिलीत. मी बघत होते.

आता माझ्या लेकीचं सांगते. ती पुण्यात असते. तिची आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडं आली आणि पडल्यापडल्या मोबाइलवर नावं शोधायला लागली. तिला केल्टिक आणि पेगन नावांची एक यादी सापडली. केल्टिक म्हणजे आयर्लंड-वेल्सकडच्या जुन्या लोकांची. पेगन म्हणजे येशूचा धर्म यायच्या आधी झाडं, झरे, दगड पूजणाऱ्यांची, असं तिनं मला समजावलं. मी म्हटलं, मग आपलीच की, वेशीवरचा म्हसोबा काय वेगळा आहे? रोज दुपारी ती वाचायची, मी शेंगा सोलत ऐकायचे. रोवन हे एका झाडाचं नाव, ते दारात असलं की वाईट आत येत नाही. तिकडंही कोवळी पोरं पळवणाऱ्या न दिसणाऱ्या लोकांची भीती होती म्हणे, त्यांना फसवायला मुलग्यांना मुलींचे झगे घालत. मला सुपातला केरबा आठवला.

तिनं निया निवडलं. अर्थ, तेज, म्हणजे प्रकाशच. मला दवाखान्याचं ते दार दिसलं. यादीत वर ब्रोना होतं, अर्थ दुःखी. मी म्हटलं, हे ठेव.

"आई, माझ्या पोरीचं नाव दुःखी? तुला झालंय काय?"

मामा तापानं गेला, एवढंच तिला ठाऊक आहे. सातवा महिना चालू असताना तिला बाकीचं काय सांगणार? ऐकायला बरं वाटलं म्हणून, असं म्हणून मी विषय मिटवला.

नात सुखरूप झाली. जन्मनोंदणीचा कागद भरून द्यायचं काम माझ्याकडं आलं, आईचं अक्षर चांगलं म्हणून. सोमवारी मी गेले आणि नावाच्या रकान्यात ब्रोना लिहिलं. इतकं हलकं वाटलं की येताना पेढे घेतले. तुमच्यासारखंच केलं मी, बाळाच्या आईला न विचारता. उद्या आत्या तिच्या कानात निया म्हणेल, सगळ्या जणी आत्याच्या पाठीत धपाटे घालतील, आणि कागदावर ती कोण आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नसेल.

दुपारपासून पोरीचं अंग तापलंय. लेक म्हणते उकाड्यानं असेल, आणि ती झोपली आहे. मी थर्मामीटर लावून बघितला, आकडा तिला सांगितला नाही. दवाखान्यात नाव विचारतील. निया सांगितलं तर मायचं खरं ठरेल असं वाटतं, ब्रोना सांगितलं तर लेकीला कळेल. इतक्या लहान बाळाला ताप आला तर क्षणभरही थांबायचं नसतं, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. आणि तरी, बाई, गेला अर्धा तास मी तुम्हाला लिहीत बसले आहे.