शिवणीत गेलेली नावं

प्रिय ठमे,

सात महिन्यांपूर्वी एका सोमवारी सकाळी दुकान उघडलं, देवाला हात जोडले, कागद चिकटवायची खळ शिजत ठेवली आणि तुझ्या दवाखान्याच्या कागदांचं बाड समोर घेतलं. सहा वर्षांची असताना तुला रक्ताचा कर्करोग झाला होता. बरी झालीस तेव्हा ताईने, तुझ्या आईने, ते सगळे कागद माझ्याकडून बांधून घेतले. मी तेव्हा नवशिका बाइंडर. इतकं घट्ट शिवलं, की रक्ताच्या चिठ्ठ्यांवरची देणाऱ्यांची नावं शिवणीत गेली. त्या सकाळी मी माझेच टाके उसवले. अकरा चिठ्ठ्या निघाल्या, चारांवर माझं नाव. तोवर तिकडे खळ करपली.

माझ्या रक्ताची बाटली खाटेवर टांगलेली पाहून तू मला 'बाटलीमामा' म्हणायला लागलीस. गल्लीतले लोक भलताच अर्थ काढायचे, आणि मी तर चहासुद्धा बेतानेच पिणारा! पण त्या नावाचा मला फार अभिमान होता. आणि त्या सकाळी मात्र देवाकडे मागत होतो, की रक्तपेढीत बाटल्यांची अदलाबदल झालेली असू दे, तुला दुसऱ्याच कुणाचं रक्त मिळालेलं असू दे.

कारण आदल्याच आठवड्यात माझ्या तपासणीत हिपॅटायटिस सी निघाला होता. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. डॉक्टर म्हणाले, बहुधा लहानपणचा असेल. शाळेत आम्हाला रांगेत उभं करून एकाच सुईने टोचायचे, ते आठवलं. तुझ्या आजारपणाच्या काळात देणाऱ्यांच्या रक्तात हे कुणी तपासत नव्हतं. तुला तो माझ्याकडून आला असेल, उरलेल्या सात जणांपैकी कुणाकडून, किंवा आलाच नसेल. तपासल्याशिवाय कळायचं नाही.

तीन महिने गोळ्या घेऊन मी बरा झालो. तुला मात्र सात महिने काही बोललो नाही. रोज देवाला सांगत राहिलो, पण त्याला ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते तुला. हल्ली थकवा येतो म्हणालीस, तेव्हाही मी "फार काम करतेस" म्हणून विषय बदलला. तू मला त्या नावाने पुन्हा हाक मारणार नाहीस, एवढीच भीती.

काल ताईला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, तिचे हात थांबले. मग म्हणाली, "रक्त देताना धावत आलास, आणि हे सांगायला सात महिने? आधी तिला कळव. रडायचं ते नंतर रड."

म्हणून हे पत्र, आणि सोबत ते बाड. कागद पुन्हा बांधलेत. शेवटचं पान माझ्या तपासणीचं आहे, ते डॉक्टरांना दाखव आणि याच आठवड्यात रक्त तपासून घे. म्हणशील तर मी बरोबर येतो. या वेळी समास मोकळा सोडलाय, सगळी नावं नीट वाचता येतात.

तुझाच,
बाटलीमामा