एक हात फुकट

प्रिय नाके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कपाटावर टाकशील, अशी मला धास्ती होती. म्हणून पत्ता लेकीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. फोन मी चारदा केला, तू उचलला नाहीस, आणि एका अर्थी बरंच झालं. बोलताना मला दर तिसऱ्या वाक्याला विनोद सुचतो आणि तो आवरत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? लिहिताना निदान खोडता तरी येतो. याआधीचे दोन कागद टोपलीत गेले, दोन्ही फार विनोदी होते.

तू चष्म्याच्या दुकानात लागलीस हे मला किल्लीवाल्याने सांगितलं. तो आपल्या दुकानाच्या दारात बसून जगाच्या किल्ल्या करतो आणि जगाच्या बातम्याही पुरवतो. म्हणाला, ताई आता पांढरा कोट घालून लोकांना अक्षरं वाचायला लावतात. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. अकरा वर्षं आपण दोघी जिन्याखालच्या त्या एवढ्याशा दुकानात गुडघ्याला गुडघा लावून लोकांची नखं रंगवली. दोन टेबलं, एक दार आणि भिंतभर बाटल्या. मालकीण कोण असं गिऱ्हाइकाने विचारलं की आपण एकमेकींकडे बोट दाखवायचो. भाडेकरारावर नाव माझं आहे, हे मी आयुष्यात एकदाच बोलून दाखवलं आणि नेमकं नको त्या दिवशी.

इकडची खबर अशी, की दुकान ठीक चाललंय. तुझी लग्नघाईवाली गिऱ्हाइकं मला खातात. त्यांच्या मते माझा हात थरथरतो. अगं, थरथरत नाही, मी बोलते म्हणून हलतो. तू असताना तू रंगवायचीस आणि मी बोलायचे, तेव्हा दोन्ही कामं बरी व्हायची. आता मला एकटीलाच दोन्ही करावं लागतं आणि दोन्ही बिघडतात. निवृत्त पोस्टमनकाका अजून येतात, नखं कापायला म्हणून, पण खरं तर पंख्याखाली बसायला. त्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं, ती आता लोकांना नजर देते. ते म्हणाले, मग तुम्हाला नाही का थोडी दिली. पोस्टमनही टोमणे मारतात हे मला नव्यानेच कळलं.

नाके हे नाव तुला मीच ठेवलं. पलीकडच्या इमारतीत कुणी खिडकीला रंग लावला तरी तो आधी तुझ्या नाकाला कळायचा. बाटलीचं झाकण लाव, कापसाचे बोळे झाकणाच्या डब्यात टाक, दार उघडं ठेव, ही तुझी दिवसभराची जपमाळ. मी म्हणायचे, दार उघडं ठेवलं की धूळ येते आणि ओल्या नखावर बसते. तू एकदा म्हणालीस, सुट्टीच्या दिवशी माझं डोकं दुखत नाही आणि कामाच्या दिवशी दुखतं, याचा अर्थ काय? मी म्हणाले, याचा अर्थ तू अगदी सगळ्या जगासारखी आहेस. काय हशा पिकला होता! तूही हसलीस. तू हसलीस म्हणून मी समजले, विषय संपला.

आता एक गोष्ट कबूल करते, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. तू ज्या दिवशी म्हणालीस की यापुढे आपण फाइव्ह फ्रीच ठेवूया, त्या दिवशी मी म्हणाले होते, एक हात फुकट रंगवला तर दुसरा आपल्याच कपाळावर मारून घ्यावा लागेल. तुला वाटलं मी थट्टेत उडवून लावलं. तुझा चेहरा पडला. पण खरं सांगू? मी थट्टा केलीच नव्हती. दहा बोटांतली पाच आपण गिऱ्हाइकाला फुकट रंगवून द्यायची, असंच मला वाटलं होतं! फ्री म्हणजे फुकट, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. तेव्हा मला पुसट शंका आली, की आपलं काहीतरी चुकतंय. पण अडाणी ठरण्यापेक्षा खवचट ठरलेलं मला बरं वाटलं. म्हणून मी तोच विनोद पुढे रेटला, आठवडाभर, प्रत्येक गिऱ्हाइकासमोर.

फ्री म्हणजे काय ते मला दोन महिन्यांपूर्वी कळलं. कशामुळे विचारायला गेले ते मागाहून सांगते, आधी गंमत ऐक. जांभळ्या रंगाशिवाय दुसरं काही न लावणाऱ्या आपल्या रसायनशास्त्राच्या बाई आहेत ना, त्यांना मी बाटली दाखवून विचारलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, बाटली नाकाला टेकवून, मुंगीएवढी अक्षरं वाचली. मग वर्गात शिकवावं तसं शिकवलं. फाइव्ह फ्री म्हणजे पाच रसायनं त्यात घातलेली नाहीत. टोल्युइन, फॉर्मॅल्डिहाइड, आणि तिसऱ्याचं नाव घेताना माझी कवळी पडली असती, कवळी नाही म्हणून वाचले. हेही म्हणाल्या, की फ्री लिहिलं म्हणून सगळं निर्धोक असं मुळीच समजू नका, एक काढतात तेव्हा त्याच्या जागी काय घालतात तेही वाचायला शिका. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर दर पंधरा दिवसांनी लावता, तुम्हाला भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, मी पंधरा दिवसांतून अर्धा तास येते हो, तुम्ही रोज आठ तास त्या वाफेवर बसता. काळजी माझी नाही, तुमची करायला हवी. आपण इतकी वर्षं गिऱ्हाइकाला जपत होतो, त्याच्या हाताखाली मऊ टॉवेल ठेवत होतो, आणि त्याच्यासमोर बसणारीचा विचार एकट्या तुझ्या डोक्यात होता.

मग काय, उतावळा स्वभाव! फाइव्ह फ्रीचा माल मागवला आणि पाटीवाल्याकडून दारावर झोकात पाटी लावून घेतली, ‘आता आमच्याकडे फाइव्ह फ्री’. दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तो बाहेर ही रांग! पहिलीने आत येऊन डावा हात पुढे केला आणि म्हणाली, हा फुकटातला. दुसरीने विचारलं, पाच बोटं सलगच हवीत की दोन्ही हातांत वाटून चालतील? एकीचं म्हणणं, तिला पायाची हवीत. पोस्टमनकाका तर तत्त्वाचे, जन्मात कधी नखं रंगवली नाहीत, पण पाटीवर लिहिलंय म्हणजे हक्क आहे म्हणून हात टेबलावर ठेवून बसले. मी समजावून सांगायला लागले की मला तुझा पडलेला चेहरा आठवायचा आणि मी ब्रश उचलायचे. शेवटी दिवसभर प्रत्येकीची पाच बोटं फुकट रंगवून दिली. काकांना बिनरंगाचं लावलं. ते चकाकणारा हात घेऊन चौकापर्यंत मिरवत गेले. संध्याकाळी पाटी काढली. किल्लीवाल्याने तिच्या मागच्या बाजूवर स्वतःचं नाव लिहून घेतलं.

बाकीचंही केलंय. छताचा पंखा वास नुसता घोळवतो, बाहेर काढत नाही, असं बाईंनी सांगितलं. म्हणून भिंतीला भोक पाडून टेबलाच्या उंचीवर हवा बाहेर ओढणारा पंखा बसवला. गिऱ्हाइकाच्या बोटांपासून वास आपल्या तोंडाकडे वळायच्या आत तो पळवून नेतो. आपण वापरायचो ते कापडी मास्क नखांची भुकटी अडवतात, वास अडवत नाहीत, हेही कळलं. तुला मी ते मास्क आणून दिले होते आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं होतं. आता झाकणाचा डबा आहे, हातमोजे आहेत, दार उघडं असतं. धूळ येते. पण नखावर बसत नाही गं, मी उगीच म्हणायचे.

आणि तो दिवस. दुकान भरलेलं होतं, तू उठून दार उघडलंस, मी ते बंद केलं, तू पुन्हा उघडलंस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, एवढं नाजूक नाक असेल तर अत्तराच्या दुकानात काम कर, करारावर नाव माझं आहे. सगळ्या हसल्या. या वेळी तू हसली नाहीस. खाली बसून समोरच्या गिऱ्हाइकाची उरलेली दोन नखं पूर्ण केलीस, काठ पुसलेस, झाकण लावलंस, अंगावरचा एप्रन घडी करून खुर्चीवर ठेवलास आणि गेलीस. ती दोन नखं तू अर्धवट सोडली असतीस तर मला तुझ्यावर रागावता तरी आलं असतं.

आता, हे सगळं अचानक कशामुळे, ते लिहिते. पंखा तुझ्यासाठी बसवला असं म्हटलं असतं तर तू विरघळली असतीस, पण ते खोटं आहे. परीक्षा संपल्यावर लेक म्हणाली, आई, मला काम शिकव, आणि तुझ्या खुर्चीत बसली. दुपार झाली तशी तिने मनगटाच्या मागच्या बाजूने कपाळ दाबलं. बोटांना रंग असला की तू दाबायचीस ना, तसंच. म्हणाली, डोकं जड झालंय. मी गिऱ्हाइकाचा हात तसाच सोडून उठले, दार सताड उघडलं, तिला बाहेर नेऊन बसवलं, दुकान बंद केलं. मिनिटही लागलं नाही मला. आणि पायरीवर तिच्या शेजारी बसल्यावर उमगलं, की तू हेच तीन वर्षं सांगत होतीस आणि मी तुला प्रत्येक वेळी पाणी पी म्हणाले. माझ्या लेकीसाठी जे दार एका मिनिटात उघडलं, ते तुझ्यासाठी तीन वर्षांत उघडलं नाही. माझं चुकलं. यात विनोद नाही, शोधूही नकोस. तू परत ये असं म्हणायचा धीर मला नाही. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तरी मी समजेन. पण एक कळव, जे मी तुला इतक्या वर्षांत एकदाही नीट विचारलं नाही. तुझं डोकं आता दुखतं का गं?

अजूनही तुझीच,
बडबडी